वाघाशिवायचे पणजोबा

आमचं आडनाव वाटाडे. मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो आणि कोणती गाडी कुठून, किती वाजता, हे लोकांना सांगतो. म्हणजे रस्ता दाखवणं आमच्या रक्तातच आहे, असं मी खिडकीतून मान बाहेर काढून बऱ्याच जणांना ऐकवलेलं आहे. प्रत्यक्षात मला स्वतःला रस्ता सापडत नाही. बल्लारपूरला साडूकडे जाताना अजूनही माझी बायको गाडीवर मागून खांद्याला बोट टोचते. डाव्या खांद्याला टोचलं की डावीकडे, उजव्या खांद्याला की उजवीकडे. दोन्ही खांदे एकदम धरले, की मी चुकलेलो असतो.

तर या आडनावाची एक गोष्ट आमच्या घरात होती. खरं म्हणजे घरात नव्हती, माझ्या तोंडात होती. माझे पणजोबा जंगलातले नामी वाटाडे होते. एका गोऱ्या साहेबाला शिकारीला घेऊन गेले. वाघ साहेबावर झेपावला, पणजोबा मध्ये पडले, साहेब वाचला आणि त्याने खूश होऊन ‘वाटाडे’ हे आडनाव बहाल केलं. बारसं, साक्षगंध, तेरावं, कुठेही चार माणसं जमली की मी ही गोष्ट सांगायचो. पहिल्या वेळी वाघ साधा होता. पुढे तो नरभक्षक झाला. साळीच्या लग्नापर्यंत वाघिणीसोबत दोन बछडेही आले होते. वडिलांनी मला इतकंच सांगितलं होतं, की आपले मूळपुरुष कुरखेड्याकडच्या डोंगरातून वडशाला उतरले आणि लोकांना वाट दाखवायचे. उरलेला वाघ माझा.

वडशाच्या आमच्या जुन्या घराची आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. तिथल्या बाजारात बांगड्यांचं एक जुनं दुकान आहे, मुसलमान कुटुंबाचं. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने तिथे हात पुढे केला, की दुकानातली चाची बांगड्या भरायची आणि पैशाचं नाव काढलं की रागवायची. आईला विचारलं तर म्हणायची, ‘‘जुनं आहे बाप्पा, मले काय माहीत.’’ मला मात्र माहीत होतं. मी लहानपणी त्या दुकानात वाघाची गोष्ट रंगवून सांगितली होती. माझी खात्री होती की तो माझ्या कलेचा मान आहे.

या सगळ्या थाटाला तडा गेला तो मुलीच्या सोयरिकीत.

मुलगी वडशाला दवाखान्यात नर्स आहे. तिथेच एक मुलगा तिच्या मनात भरला. वीज मंडळात लाइनमन, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की स्टेजचे दिवे तोच बघतो. आमच्यातलाच, म्हणजे गोंड. कुरखेड्याच्या वर डोंगरात त्याचं गाव. मुलगा शांत, कामाचा. मला नाव ठेवायला जागाच सापडेना, आणि बापाला अशा वेळी थोडी तरी जागा लागते.

ते लोक घरी आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि आजी. आजी म्हणजे वाळलेल्या मोहफुलासारखी बाई, पण नजर अशी की खिडकीतल्या माणसालाही खिडकी बंद करावीशी वाटावी. मुलगी चहा घेऊन आली. मी वाघाची गोष्ट सुरू करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात आजीने विचारलं,

‘‘भाऊ, तुमी किती देवाचे?’’

हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्यात कुळं देवांच्या संख्येवरून वाटलेली असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे, ते एकमेकांचे भाऊ. ओळख असो नसो, भाऊ म्हणजे भाऊ. आणि भावाच्या घरात मुलगी देत नाहीत. सोयरिकीच्या बैठकीत हा पहिला प्रश्न असतो. पगार, शिक्षण, पत्रिका सगळं नंतर.

आणि मला उत्तर माहीत नव्हतं. वडील कागदाच्या मिलमध्ये, सासरेही तिथेच. दोघे एका पाळीत काम करायचे, डबा एकत्र खायचे, आणि डबा खातानाच माझं लग्न ठरवून टाकलं. देव कोणी मोजलेच नाहीत. ‘वाटाडे’ हे कुळाचं नाव नाही, कामाचं आहे, म्हणून आडनावावरूनही काही कळायची सोय नाही.

माहीत नाही, असं सांगून मोकळं व्हायचं. पण ज्या माणसाने बछड्यांसकट वाघीण उभी केली, तो ‘माहीत नाही’ म्हणेल? चारपासून सातपर्यंतच्या आकड्यांत सर्वात मोठा कोणता, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘‘सात.’’

आजीने कप खाली ठेवला.

‘‘सात? मंग त आपन भाऊच झालो गा.’’ तिने नातवाकडे पाहिलं. ‘‘आमीबी सातच.’’

मुलीने उरलेले कप वाटायचे सोडून ट्रे खाली ठेवला. तो मुलगा खाली मान घालून फरशीकडे बघत राहिला, जणू तिथूनच कुठली तरी तार तुटली होती. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

मी सावरायला गेलो, ‘‘म्हणजे... सात असावेत. वडील बोलले नव्हते. आडनाव वाटाडे ना, ते एका साहेबाने...’’

‘‘साहेब राहू दे,’’ आजी म्हणाली. ‘‘वाटाडे म्हनतेत तुमाले? माही सासू सांगे, आमच्या शिवेला लागून जे पल्याडचं गाव आहे ना, त्या गावचा एक वाटाड्या होता. शिव ओलांडून गेला थो गेलाच, वापस नाई आला. थो कोन कुळाचा, मले ठावं नाई. त्या गावात सहावालेबी आहेत, सातवालेबी. जा, पुसून या. सहा निघाले त पोरगी माही. सात निघाले त...’’ तिने माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘तरीबी माहीच, पन मंग नातीन म्हनून.’’

ते गेल्यावर मुलीने कप गोळा केले. मग विचारलं, ‘‘बाबा, तुमाले सातच काऊन म्हनाचं होतं?’’

‘‘मोठा आकडा होता,’’ मी म्हणालो. दुसरं खरं कारण माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी वडशाला गेलो आणि तिच्या स्कूटीवर मागे बसून डोंगराकडे निघालो. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, रस्त्यावर धानाच्या पेंढीचे ट्रॅक्टर. मी मोबाइलमध्ये नकाशा लावून मागून दिशा देत होतो. नकाशातल्या बाईने आणि मी मिळून मुलीला एका बांधीत नेऊन सोडलं, जिथे पुढे फक्त एक बगळा होता.

‘‘मोबाइल खिशात ठेवा,’’ मुलगी म्हणाली. तिने बांधावरच्या बाईला विचारलं, गाडी वळवली आणि आम्ही गावात पोहोचलो. सगळा रस्ता ती एवढंच बोलली होती. तिच्या पाठीकडे बघत मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. मी बढाईत एक शब्द टाकला होता, आणि तो खरा निघाला तर ही अशीच पाठ करून बसणार होती. रागाने नाही, राग तिला येतच नाही. तेच वाईट.

गावात देवाचं करणारा गायता म्हातारा होता. अंगणात बसून टोपली विणत होता आणि त्याची म्हातारी मोहफुलं निवडत होती. मी आधी बसस्टँडवरची नोकरी सांगितली, मग आडनाव. म्हाताऱ्याचे हात थांबले.

‘‘वडशाचे वाटाडे?’’

‘‘हो.’’

‘‘अजून आहेत?’’

‘‘आहोत ना. मीच आहे.’’

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘थो त लंबा होता म्हनतेत,’’ तो म्हणाला. मुलगी पहिल्यांदा हसली.

मग त्याने सांगितलं. मध्ये मध्ये म्हातारी त्याला दुरुस्त करत होती, आणि तो तिला ‘‘तू होती का तिथी?’’ म्हणून गप्प करत होता. ती ‘‘तू होता का?’’ म्हणत होती. दोघेही नव्हते. त्यांनी ते आपापल्या आज्यांकडून ऐकलं होतं.

पूर्वी या डोंगरातून कोणी परका माणूस निघाला की गावाचा वाटाड्या त्याला घेऊन जायचा, पण फक्त आपल्या शिवेपर्यंत. शिवेवर उभं राहून हाळी द्यायची. पलीकडच्या गावाचा वाटाड्या यायचा, पाहुणा त्याच्या हवाली करायचा आणि परत फिरायचं. असं गावाकडून गावाकडे, हातातून हातात, माणूस नदीपर्यंत पोहोचायचा. शिवेच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. पुढचं रान पुढच्या गावाच्या देवाचं. माझे पणजोबा या गावाचे असे वाटाडे होते. साहेब नव्हता, बंदूक नव्हती.

‘‘एका सालाले माय आली,’’ म्हातारा म्हणाला. माय म्हणजे देवी, अंगावर फोड उठणारी. ‘‘तवा एक बांगडीवाला गावोगाव फिरे. मुसलमान. बायको आन लेकरू संगं. लेकराले माय निंगाली. गावानं म्हटलं, यायले शिवेपार करा. तुहा पनजोबा त्यायले घेऊन गेला. शिवेवर उभा राहून हाळी देल्ली. पल्याडून कोनी आलं नाई.’’

‘‘आले होते,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘झाडामांगं उभे होते. बोलले नाई.’’

‘‘हो, हो. बोलले नाई. त्यायलेबी लेकरं होती ना बाई.’’

पलीकडचं गाव म्हणजे आजीचं गाव. हाळीला उत्तर आलं नाही तर वाटाड्याने काय करायचं, हेही ठरलेलं होतं. पाहुण्याचा बोजा शिवेवर ठेवायचा आणि घरी यायचं. दोष त्याचा नाही. पणजोबांनी बोजा ठेवला. थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी बांगड्यांचा बोजा डोक्यावर घेतला आणि शिव ओलांडली. कुठल्याच गावात शिरता येत नव्हतं, म्हणून सगळी गावं टाळत, रानातून, आजारी लेकराला पाजत-खाऊ घालत त्यांनी त्या माणसांना थेट वडशाच्या नदीपर्यंत नेलं.

‘‘लेकरू?’’ मुलीने विचारलं. नर्सच ती.

‘‘जगलं म्हनतेत.’’

वडशाच्या बाजारातलं दुकान माझ्या डोळ्यांसमोर आलं. चाचीचा पुढे आलेला हात, पैसे काढले की चढणाऱ्या भुवया. माझी कला तिथे कुठेच नव्हती. इतकी वर्षं मी त्या दुकानात शान मारत उभा होतो.

‘‘मग ते परत का नाही आले?’’ मी विचारलं.

‘‘आला ना. शिवेपर्यंत आला. गावानं वाटेवर काटे टाकले होते, बिमारीच्या पायी. काढाले काय लागत होतं? ढकलले असते त झालं असतं. पन गावात लेकरं आहेत म्हनून थो आपल्या मनानंच वापस फिरला. त्याच्या भावानं पानात भात बांधून शिवेवर ठेवला होता. थो खाल्ला, पान धुतलं, दगडाखाली ठेवलं आन गेला.’’

शिव ओलांडलेल्याने परत यायचं तर कुळाने त्याला पुन्हा आत घ्यायला हवं होतं. सगळ्यांनी बसून जेवण करायचं, देवाला सांगायचं, मग माणूस कुळाचा. ते जेवण झालंच नाही. आधी आजारपण, मग दुष्काळ, मग भाऊ गेला. वडशाला पणजोबा लोकांना वाटा दाखवत राहिले. कोणी कूळ विचारलं तर सांगायचे नाहीत. आत घेतलेलं नसताना कुळाचं नाव घ्यायचं कसं, हा त्यांचा हिशेब. म्हणायचे, वाटाड्या आहे. तेच आडनाव झालं. कोणी बहाल केलं नव्हतं. एका माणसाने हक्क नाही म्हणून स्वतःचं नाव बाजूला ठेवलं, आणि जे उरलं ते आम्ही मिरवत आलो.

मी आयुष्यभर ज्यांना वाघासमोर उभं केलं, त्यांना वाघाची काही गरजच नव्हती. ते बोजा ठेवून शिवेवर जो थोडा वेळ उभे राहिले, तेवढंच पुरे होतं.

पण प्रश्न तसाच होता. मुलीनेच विचारला. ‘‘आजोबा, थे किती देवाचे होते?’’

‘‘चाल, दाखवतो,’’ म्हातारा म्हणाला.

गावाबाहेर सागाच्या आणि मोहाच्या झाडांखाली मेलेल्या माणसांचे दगड उभे असतात. प्रत्येक कुळाची ओळ वेगळी. आम्ही एका ओळीपाशी आलो आणि म्हातारा थांबला. कमरेवर हात ठेवून त्याने सुस्कारा टाकला. मी विचारलं, ‘‘ही कोणाची ओळ?’’

‘‘सातवाल्याची.’’

मुलगी माझ्यापासून दोन पावलं दूर गेली आणि एका झाडाची साल नखाने खरवडू लागली. मी त्या दगडांकडे बघत होतो. दगड सगळे सारखेच दिसतात. मला मात्र त्यांत माझ्याच घराण्याचं नाक दिसू लागलं. म्हाताऱ्याने खिशातून डबी काढली, तंबाखू मळला, चुना लावला, चिमूट तोंडात टाकली.

‘‘दम लागते आता,’’ तो म्हणाला. ‘‘हे आपले सोयरे. चाला, आपली ओळ पुढं आहे.’’

पुढच्या ओळीत दगड एकाला एक लागून उभे होते, आणि मध्येच एका माणसाच्या रुंदीएवढी जागा मोकळी होती. तिथे गवत वाढलेलं नव्हतं. कोणीतरी दरवर्षी ते उपटत असणार.

‘‘ह्या बाजूले त्याचा बाप, ह्या बाजूले भाऊ,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘मंधात त्याची जागा. भाऊ सांगून मेला, ही जागा भराची नाई. आमी सहा देवाचे. तुमीबी.’’

मुलगी खाली बसली. त्या मोकळ्या जागेवर तिने हात ठेवला, आणि ‘बाबा’ म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे नुसतं हसून पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. मीही काहीतरी मोठं बोलणार होतो, पण म्हाताऱ्याने मला खांद्याला धरून हलवलं.

‘‘म्हनजे तू माहा पुतन्या झाला. आन इतके वर्सं कुठी होता रे? बसस्टँडवर बसून लोकायले गाड्या सांगून राह्यला, अन् आपल्या गावाची गाडी कोनती थे नाई पुसलं काऊन कोनाले?’’

घरी फोन केला. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘सहा निघाले म्हनून वाचले तुमी. माहेरचे आमी पाचवाले. पाच निघाले असते त मी इतके वर्सं तुमची बहीन म्हनून स्वयंपाक करत होती का?’’

राहिलेलं जेवण आम्ही केलं. दगड मात्र तो माणूस जिथे जगला तिथला हवा, असं म्हाताऱ्याने सांगितलं होतं. म्हणून मी वडशाला नदीवर जाऊन एक लांबोडा दगड निवडला. लंबा होता म्हणतात, म्हणून लांबोडा. पोत्यात गुंडाळून तो मुलीच्या स्कूटीवर पायांशी ठेवला. चढाला स्कूटी दमली, तेव्हा मी उतरलो आणि मागून चालत गेलो. दगड बसूनच राहिला. गावाने कोंबडा, भात, मोहाची दारू, सगळं केलं होतं. चाचीचा मुलगा वडशाहून आला होता. त्याआधी मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा चाची म्हणाली, ‘‘हमको तो मालूम था. तुमको नहीं था?’’ दगड मोकळ्या जागेत बसवला. तो बापाच्या आणि भावाच्या दगडापेक्षा जरासा उंच झाला. कोणी तो खोल गाडायला सांगितलं नाही. मला मनातल्या मनात फार बरं वाटलं.

उन्हाळ्यात लग्न झालं. आमच्यात जुन्या रीतीने लग्न मुलाच्या गावी होतं आणि नवरीला तिकडे घेऊन जातात. नवरी आमच्या गावातून निघाली, हो, आता आमचं गाव आहे ते. हातात चाचीने भरलेल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. म्हातारा म्हणाला, वाटाड्याच्या घरची पोरगी आहे, वाटाड्यानंच पुढं चालावं. मी पुढे झालो. मागून बायकोचं बोट डाव्या खांद्याला लागलं, मग उजव्या खांद्याला, आणि आम्ही शिवेवर पोहोचलो.

पलीकडे झाडांत माणसं दिसत होती. मी उभा राहिलो आणि हाळी दिली. बसस्टँडवरच्या भोंग्यात वर्षानुवर्षं ओरडून घासलेला माझा आवाज; तो कसाबसा पलीकडे गेला असेल-नसेल, तेवढ्यात उत्तर आलं. एका माणसाचं नाही, सगळ्या गावाचं. आणि सगळ्यांच्या पुढे ती वाळलेल्या मोहफुलासारखी आजी, कोणाचा हात न धरता, भरभर चालत आली. तिने माझ्या मुलीचा हात माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, ‘‘उशीर झाला गा आमाले.’’

रीतीप्रमाणे वाटाड्याने तिथून परत फिरायचं असतं. मी दोन्ही बाजूंना पाहिलं. मागे आमचं रान, पुढे मांडव, आणि मांडवातून भात शिजल्याचा वास. मी शिव ओलांडली. आमच्या घराला ती सवय जुनीच आहे.